टिंबाची फाइल

४ जुलै
बारामती. दुपारी कामासाठी कंप्युटरवर एडिटर उघडला तर डावीकडच्या यादीत परत ती आगंतुक फाइल. नावाआधी टिंब, मागे भलतंच शेपूट. असल्या तात्पुरत्या फायलींनी लपून राहायचं असतं, हिला बाहेर कोणी बोलावलं? काही बिघडत नाही, पण डोळ्यांत खुपतं. सेटिंग बदलून हाकलणार.

७ जुलै
हाकलण्याआधी नाव नीट वाचलं, बरं झालं. ही बाबांची! इंदापूरला त्यांना दिलेला माझा जुना लॅपटॉप, दोघांचा सामाईक फोल्डर, त्यात त्यांच्यासाठी केलेली कोरी फाइल. "कारखान्यातलं, लेथवरचं काहीतरी लिहा," म्हटलं होतं. "माझ्याकडं काय हाय लिवण्यासारखं?"
फाइल अजून कोरीच. पण तिकडे त्यांनी ती उघडली की टिंबवाली येते, बंद केली की जाते. म्हणजे बाबा रोज दुपारी बसतायत! रिटायर होऊन वालचंदनगरचं क्वार्टर सोडल्यापासून फोनवर "जेवलो, बरा हाय" यापुढे न गेलेला माणूस. इतका आनंद झाला की ऑफिसच्या कॉलवर उगाच हसत होते.

८ जुलै
आईला फोन. "दुपारी बसत्यात त्या पेटीफुडं. मी गेले की झाकान पाडत्यात. माझ्या तक्रारी लिवत आसतील, दुसरं काय!"

११ जुलै
आजही फाइल कोरी. सेव्ह करतच नाहीत. पण लिहून होईपर्यंत सगळं त्या टिंबवालीत असतं. उघडली की झालं. हात नुसता शिवशिवतोय...
त्यांनी पुसलेलं मी वाचायचं? नाही.
(जेवल्यावर परत तोच विचार. नाहीच.)

१३ जुलै
राहवेना. बाबांना फोन करून विचारलंच, सेव्ह का करत नाही?
"जाताना इचारतंय न्हवं, ठिवू का म्हणून. मी न्हाय म्हणतो. पाळी सुटली की मशीन साफ करूनच निघायचं."
अरे देवा. लेथवरचा टर्नर तो टर्नरच! "अवो बाबा, लोखंडाच्या किसाबरोबर घडवलेला जॉबपण झाडून टाकताय की!"
मग, "म्हंजी तू वाचलं न्हाईस?"
"नाही."
"मला वाटलं, तुला तिकडं दिसत आसंल. म्हणून तर लिवत हुतो."
फोन ठेवून रडले, मग स्वतःच्याच सभ्यपणावर हसले.

१४ जुलै
दुपारी टिंबवाली आली. जागची हलले नाही, चहा गार.
आत्ता गेली. म्हणजे फाइल बंद केली. 'ठेवू का?' ला काय म्हणाले असतील?
उघडते.