एका खाडीत दोन चंद्र

मु. पो. मुरुड

आदरणीय करमअली चाचांस,

शेजारच्या विहंगचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही. (एक वाटेत सांडला तर दुसरा धरा.) गुडघा कसा आहे? दोह्याच्या त्या थंडगार दुकानात दिवसभर उभं राहू नका, डॉक्टरांनी सांगितलंय आणि खालानेही सांगितलंय, आणि खालाचं न ऐकून इथे कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. महेरुन्निसा खाला स्वतः ठणठणीत आहे. दानियालवर रोज सकाळी ओरडते, आवाज आमच्या पडवीपर्यंत येतो, म्हणजे तब्येत उत्तमच.

तुम्ही गेल्या महिन्यात फोनवर विचारलंत की तुमचा पुतण्या दानियाल त्या कॉम्प्युटरपुढे बसून नक्की करतो काय. त्याने ‘काम करतो’ एवढंच सांगितलं, कारण तो लाजतो. मी लाजत नाही. अरिबा आपा परत दोह्याला निघाल्यात, त्यांच्या हाती सविस्तर उत्तर पाठवतोय. ईदनंतर तुम्ही त्याला दुकानात बोलावलंय, व्हिसाही आलाय, तेव्हा माणूस काय करत होता हे मालकाला माहीत असलेलं बरं.

तर आम्ही दोघं मिळून मोबाइलवरचा एक खेळ बनवतोय. आगरदांड्याहून दिघीला बोट न्यायची. स्कूटर, लग्नाचा बँड, आंब्याच्या पेट्या, एक बोकड, असं सगळं चढवायचं आणि खाडी पार करायची. (बोकड माझी कल्पना. बँड त्याची. वाद अजून मिटलेला नाही.) पुण्याची एक कंपनी सोमवारी हा खेळ बघणार आहे. आवडला तर वर्षभराचं काम, इथेच घरी बसून. पण दोघांना मिळून, एकट्याला नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

खेळाच्या पोटात स्क्रिप्ट असतात, म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचना. बोटीची मी लिहिली, जेट्टीची त्याने. बदलणारी गोष्ट ठेवायला प्रत्येक स्क्रिप्टमध्ये नाव घातलेला एक डबा असतो, त्याला व्हेरिएबल म्हणायचं. पाणी किती चढलंय हे बोटीलाही कळायला हवं आणि तरंगत्या जेट्टीलाही. म्हणून मी माझ्याकडे ‘भरती’ नावाचा डबा केला. त्यानेही त्याच्याकडे ‘भरती’ नावाचा डबा केला. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण भरती ती भरती, त्यात विचारायचं काय? इथेच आमची माती झाली.

मला आजोबांनी शिकवलेलं: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरतीची वेळ तयार. त्याला तुमच्या अब्बांनी शिकवलेलं, अगदी तेच गणित, फक्त तारीख चांदची. आणि चांदची तारीख चंद्र दिसल्यावर सुरू होते, म्हणजे तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे. झालं! माझी बोट माझ्या चंद्रावर, त्याची जेट्टी त्याच्या चंद्रावर. वेगवेगळं चालवलं की सगळं गोड. एकत्र चालवलं तर जेट्टी भरतीने वर, बोट अजून खालीच, आणि स्कूटरी एकामागून एक खाडीत. बँडवाले वाजवत वाजवत बुडाले, चाचा. बोकड तेवढा पोहला.

मग भांडण. माझे बाबा पंचांग घेऊन आले, खाला भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आली, आणि तासभर कुंपणावर चंद्राची ओढाताण झाली. शेवटी सगळे रिक्षाने आगरदांड्याला गेलो, खरं पाणी बघायला. पाणी माझ्या वेळेला आलं नाही. त्याच्याही वेळेला आलं नाही. मधेच कधीतरी, आम्ही वडापाव खात असताना आलं. बाबा आणि खाला दोघंही ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणाले.

ठरलं, डबा एकच ठेवायचा, सगळ्यांसाठी उघडा. पण उघडा म्हणजे इतका उघडा की कुणीही हात घालावा! माझी बोट चिखलात रुतली की तीच डब्यात पाणी वाढवायची (ही सोय मी गुपचूप केली होती), जेट्टी तेच पाणी उतरवायची (ही त्याने). समुद्राला उचकी लागल्यागत झालं. एकदा तर अख्खं दिघी पाण्याखाली, आणि माडाच्या शेंड्यावर बोकड.

मग दानियालला सुचलं, खरंच त्यालाच सुचलं. त्याने ‘दर्या’ नावाची वेगळी स्क्रिप्ट लिहिली. डबा तिच्याकडे. वाचायचं सगळ्यांनी, बदलायचं फक्त दर्याने. बोटीने विचारायचं, जेट्टीने विचारायचं, आणि मिळेल ते मुकाट ऐकायचं. काल चालवून बघितलं. स्कूटरी चढल्या, बँड चढला, बोट हलली आणि सरळ दिघीला लागली. मी खुर्चीवरून उडी मारली. तो हळूच म्हणाला, ‘लागली रे.’ मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. सोमवारचं जमणार, मला आतून वाटतंय.

गुडघ्याला तेल लावत जा. सर्वांना सलाम.

तुमचा,
विहंग

ता. क. : एक बारीकशी विनंती राहिली. दुकानातली ती जागा वर्षभर दुसऱ्या कुणाला देता येईल का? हे लिहायला मला दानियालने सांगितलेलं नाही. तो तुम्हाला ‘नाही’ म्हणणारच नाही, म्हणून मी म्हणतोय. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात दानियाल आला आणि त्याने सगळं वाचलं. म्हणतो, गेल्या जुम्म्यालाच त्याने तुम्हाला फोन करून सगळं सांगितलं. आणि तुम्ही म्हणालात, ‘थांब बेटा. मी निघालो तेव्हा मला कुणी थांब म्हणालं नव्हतं.’ आठवडाभर हे पोटात ठेवून हा माझ्याशी बोकडावरून भांडत होता! का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणाला, ‘तू कुठे विचारलंस?’

खरंच विचारलं नव्हतं, चाचा. तुम्हाला चार पानं लिहिली, पण त्याला मी एकदाही थांब म्हणालो नव्हतो. आत्ता म्हणालो. तो ‘बरं’ म्हणाला आणि खुर्ची ओढून कामाला बसला.