मास्तरांच्या तोंडचं इंग्रजी

चिक्कडपल्ली, हैदराबाद
गुरुवार, सकाळ

ती. त्रिवेणीवन्सं यांना,

प्रमिलाचा नमस्कार. तुमच्या दोन्ही गुडघ्यांनाही नमस्कार. गेल्या वेळी फोनवर अर्धा तास त्यांचीच चौकशी झाली होती, तेव्हा आता त्यांना वगळणं बरं दिसणार नाही. नांदेडला थंडी पडली असेल, इथे अजून पंखा लागतो. तुमचे बंधू खुशाल आहेत. चालतात, बोलतात, भाजीत मीठ कमी असलं की ताट दोन बोटं पुढे सरकवतात. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्याकडे फोनला रेंज फक्त हॉलमध्ये येते, आणि हॉलमध्ये मला हल्ली मोठ्याने बोलावंसं वाटत नाही. का, ते सांगायलाच कागद घेतला आहे.

ह्यांचं वैर तुम्हाला ठाऊकच आहे. इंग्रजीशी नव्हे (इंग्रजी पेपर तर ते टेंडरच्या नोटिसांसकट वाचतात), लोक मराठी बोलता बोलता जे चार शब्द उगाच पेरतात त्यांच्याशी. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस, कानाला सवय लागलेली. आमच्या गिरीशने घरातून ऑफिसचं काम सुरू केल्यापासून तर कहरच झाला. तो त्या कॉम्प्युटरसमोर बसून 'टू बी ऑनेस्ट' म्हणाला की हे आतून विचारत, मग सकाळपासून काय चाललं होतं? नळवाला 'वन सेकंद' म्हणून गेला आणि तिसऱ्या दिवशी उगवला, तेव्हा ह्यांनी त्याला दारातच सेकंद म्हणजे किती ते समजावलं (नळ गळतच राहिला, बादली मी बदलत होते). बँकेतल्या मुलीने फोनवर गोड आवाजात 'एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ' असं विचारलं, तर हे म्हणाले, बाई, आधी पहिली मदत तर होऊ दे.

पण खरे शत्रू शेजारचे हिम्मतराव. त्यांचा कुकटपल्लीला पंपांचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. माणूस दिलदार, आवाज रांजणातून आल्यासारखा, आणि कुठल्याही वाक्याची सुरुवात 'ॲट द एंड ऑफ द डे' अशी. सकाळी सात वाजता. आमची आणि त्यांची गॅलरी लागून, मधे फक्त जाळी. हे चहाचा कप घेऊन उभे राहत आणि सांगत, हिम्मतराव, दिवस अजून उगवतोय. ते आधी घसा खाकरत, मग हसत, आणि म्हणत, हौ मास्तर, ॲट द एंड ऑफ द डे तुमचंच बरोबर. असं अकरा वर्षं चाललं. गेल्या पौषात हिम्मतराव झोपेतच गेले. त्यानंतर हे गॅलरीत चहा प्यायचे बंद झाले. मी कारण विचारलं नाही.

आता मुख्य. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात चिंच कोळत होते. गिरीश त्या दिवशी ऑफिसला गेलेला. आणि हॉलमधून आवाज आला, 'टू बी ऑनेस्ट'. मला वाटलं पोरगा लवकर आला. हात तसेच घेऊन बाहेर आले तर गिरीश कुठेच नाही. हे खुर्चीत ताठ बसलेले, नजर समोरच्या भिंतीवर, तोंडाची एक बाजू किंचित उतरलेली, आणि त्या तोंडातून गिरीशचा आवाज. गिरीशसारखा म्हणत नाही मी, वन्सं. गिरीशचाच. माझ्या हातातली चिंच फरशीवर ठिबकत होती ते मला नंतर डाग दिसले तेव्हा कळलं.

दवाखान्यातले चार दिवस तुम्हाला माहीत आहेत, तुम्ही होतातच. तुम्ही गेल्यावर डॉक्टरांनी मला नीट समजावलं. मेंदूत जिथे बोलणं जुळवलं जातं तिथे रक्त पोचलं नाही. जुळवावी लागतात ती वाक्यं गेली, आयती ऐकलेली, घासून गुळगुळीत झालेली तेवढी राहिली. म्हणजे बघा, मराठी सगळी गेली आणि ज्यांना हाकलायला जन्म घालवला ते शब्द मुक्कामाला राहिले. पाणी हवं असलं की 'टू बी ऑनेस्ट'. पाठ खाजवायची असली की 'वन सेकंद'. आणि प्रत्येक शब्द ज्याचा त्याच्या आवाजात. एकदा मी त्यांची दाढी करत होते, तर साबणाच्या फेसातून त्या बँकेतल्या मुलीने नाजूकपणे विचारलं, 'एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ'. माझा हात थांबला. ह्यांचे डोळे भरून आले होते. आपण काय बोलतोय ते त्यांना कळत होतं, तोंड ऐकत नव्हतं.

मग एका दुपारी चार वाजता हे खुर्चीत डोळे मिटून बसलेले असताना आधी घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि मग रांजणातून, 'ॲट द एंड ऑफ द डे'. गॅलरीचं दार उघडं होतं. पलीकडे भांडं पडलं. दोन मिनिटांत पद्मावतीबाई, म्हणजे हिम्मतरावांच्या पत्नी, ओल्या हातांनी आमच्या दारात उभ्या. त्या आत येऊन ह्यांच्या समोरच्या मोड्यावर बसल्या. पुन्हा आवाज आला, तेव्हा पदर तोंडाला लावून त्यांनी नुसती मान हलवली.

तेव्हापासून रोज चारला त्या येऊ लागल्या. कधी वाटीत पोह्यांचा चुडवा, कधी तव्यावरची तांदळाच्या पिठाची गरम सर्वपिंडी. बसायचं आणि बोलायचं. लेकीने नवीन फ्लॅट बघितला, कारखान्यातल्या जुन्या कामगाराच्या मुलीचं लग्न ठरलं, गॅलरीतला मोगरा वाळला. आणि मधेमधे तो आवाज. खोटं कशाला सांगू, मला राग यायचा. एक्केचाळीस वर्षं संसार करून ह्यांच्याकडे माझ्यासाठी एक शब्द उरला नव्हता, आणि शेजारणीला अख्खा नवरा परत मिळत होता. मी आत कणीक मळायची आणि गरजेपेक्षा जास्त मळायची (त्या महिन्यात गिरीशने किती पोळ्या खाल्ल्या ते तोच जाणे).

अंबरपेठेहून एक मुलगी येते ह्यांना बोलायला शिकवायला. तिच्या मेहनतीला यश आलं. दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी दूध तापवत होते आणि मागून हाक आली, 'अगं'. एवढंच. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून खाली बसले. त्यानंतर शब्द भराभर आले. ती मुलगी म्हणाली होती तसे इंग्रजी तुकडे एकेक करून गळाले, आधी बँकेतली मुलगी गेली, मग नळवाला, मग गिरीश. दिवाळीपर्यंत हे पुन्हा लोकांच्या चुका काढायला लागले. मला धास्ती होती ती पद्मावतीबाईंची. त्यांना काय सांगायचं, की आता यायचं कारण संपलं?

पण चार वाजता आवाज येतच राहिला. मी आतून ऐकायची आणि मला ह्यांचं फार कौतुक वाटायचं. ज्या माणसाने पुतण्याच्या लग्नाची पत्रिका शुद्धलेखन तपासून परत पाठवली, तो शेजारच्या बाईसाठी रोज ठरवून ते चार शब्द तोंडात घेतो. गेल्या सोमवारी रात्री जेवताना मी तसं बोलूनही दाखवलं, तुम्ही पद्मावतीबाईंसाठी करता ते फार मोठं आहे म्हणून.

ह्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "मी काय करतो? चारला माझा डोळा लागलेला असतो. ती बाई येते, तुम्ही दोघी बोलत बसता, ते झोपेत कानावर येतं."

मी म्हटलं, मी तर स्वयंपाकघरात असते. गिरीशने आमटी वाढून घेतली आणि कसला विषय चाललाय असं विचारलं, त्याला मी लोणचं दिलं.

मंगळवारी चारला मी स्वयंपाकघरात गेले नाही. हॉलच्या दारात उभी राहिले. हे झोपलेले होते, वन्सं. छाती संथ वरखाली होत होती, मान एका बाजूला कललेली, ओठ मिटलेले. पद्मावतीबाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्या मोगऱ्याची नवी कुंडी आणल्याचं सांगत होत्या, गॅलरीच्या दाराकडे तोंड करून. घसा खाकरल्याचा आवाज आला. ॲट द एंड ऑफ द डे, कुंडी उन्हात ठेव. ह्यांचे ओठ हलले नाहीत. मी मुद्दाम त्यांच्या ओठांकडेच बघत होते.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्रात काही वेडंवाकडं लिहिलं गेलं असेल तर माझ्या वयाकडे बघून सोडून द्या.

तुमची,
प्रमिला

ता. क. तुम्ही चार दिवस येऊन जाल का? ह्यांना बघायला म्हणूनच या, दुसरं काही बोलू नका. गाडी सकाळची धरा म्हणजे चारच्या आत पोचाल. मला आणखी एक कान हवा आहे. गिरीशला सांगितलं तर तो मला डॉक्टरकडे नेईल, आणि ह्यांना पुन्हा विचारायचा धीर होत नाही.

ता. क. २. पत्र मिटणार होते, पण काल दुपारचं लिहायचं राहिलं. काल पद्मावतीबाई लेकीकडे कुकटपल्लीला गेल्या होत्या. मी शेगडीवर दूध ठेवलं होतं, हे आतल्या खोलीत निजलेले, हॉल रिकामा. चार वाजता हॉलमधून विचारणा झाली, पद्मा नाही आली आज? शेजाऱ्याने विचारावं तसंच, आणि मीही कामाच्या नादात शेजारणीने द्यावं तसंच उत्तर दिलं, लेकीकडे गेल्यात, उद्या येतील. मग माझं माझ्याच लक्षात आलं आणि मी चमचा हातात धरून उभी राहिले. जरा वेळाने घसा खाकरला.

"हौ," आवाज म्हणाला. "घाई नाही म्हणावं तिला. टेक युअर टाइम."