मधल्या रेषेची माती

१२ जानेवारी
आसगावले पोचलो. इथल्या कबड्डी मंडळानं मले फायनलपर्यंत चढाईसाठी बोलावलं. नाकाडोंगरीचा भुपेंद्र आला म्हटलं की समोरचे गार पडतात, असं कॅप्टन घनश्यामभाऊ चारचौघांत सांगत होते! खोली मैदानाले लागूनच. नव्या तांदळाचा भात अन् वांग्याची भाजी, पोट फुटेस्तोवर जेवलो. शुभांगीले नववा महिना लागला. बाळाच्या वेळी घरी येईनच, असा शब्द देऊन आलो आहे.

१५ जानेवारी
इथली रीतच न्यारी. म्हातारे देवाजी चढाईवाल्याच्या घोट्याले काळा दोरा बांधतात, मधल्या रेषेची माती चोळून. मग म्हणे पाय रेषेवर परत येतातच. मी हसलो. ही बेइमानी नाही काय, असं विचारलं, तर म्हणाले, कोंढा गावचे गडी का लिंबू नाही फिरवत? बांधून घेतला बापा. हार कोणाले पाहिजे?

१९ जानेवारी
फायनल जिंकलो. कोंढ्याच्या सातही जणांनी मले दाबून धरलं होतं, तरी पाय आपोआप सरकत रेषेले लागले. त्यांचा कॅप्टन संघपाल माती झटकत म्हणाला, भाऊ, हा खेळ नाही राहिला. खरंच बोलला. मले लाज वाटली, पण कप मीच उचलला.

२० जानेवारी
घरी जायले सकाळी एसटीत बसलो. पवनीच्या आधीच पाय खाली उतरले. हो, पाय! मी तर कंडक्टरले ओरडून सांगत होतो, मले उतरायचं नाही म्हणून. दुपारी पाहतो तर मैदानात, रेषेवर उभा.

२१ जानेवारी
दोरा विळ्यानं कापला. खाली कातडीतच काळं कडं उमटलं आहे. देवाजीचे पाय धरले. म्हणाले, याले तोड एकच. रेषेच्या पलीकडे दम तुटून बाद झालेला गडीच परतत नाही. आधीचा चढाईवाला असाच सुटला. घरी कसा गेला, विचारलं. खाली पाहत म्हणाले, चार खांद्यांवर.

२३ जानेवारी
शुभांगीले कळा सुरू. दवाखान्यात नेऊन राहिले. फोनवर रडत विचारत होती, काहून येत नाही तुम्ही? तीनदा निघालो. तीनदा रेषा— मायबाप, मले नाही पाहिजे तो कप—

दुपार
पलीकडे आलो. देवाजी दुरून हात हलवतात, नको नको— आता कायले? मीच बांधून घेतला ना— पाय मागं ओढून राहिले— वही छातीशी— शुभांगी, शब्द दिला होता, घरी येईन. कसाही— एका दमात— कबड्डी कबड्डी कबड्डी कब