दोर खाली, मी वर

हे लिहायला मी सकाळी दहालाच बसायला हवं होतं. आता ऊन कलायला लागलंय. मधल्या वेळात दगडावर घासून पेन्सिलीला टोक काढलं, वहीतल्या जुन्या सह्या वाचल्या, मग एक सरडा आला, आणि सरडा सारखी मान का हलवतो यावर बराच विचार झाला. उत्तर मिळालं नाही. वहीची साडेतीन पानं उरलीत, तेव्हा आता टाळाटाळ पुरे.

तर मी, वय सव्वीस, घरीदारी ‘भोवरा’, धंदा सध्या नाही, पूर्वी पुष्कळ, राहणार ताईच्या सासरी माळ्यावरच्या खोलीत, पूर्ण शुद्धीत असून (डोक्याला टेंगूळ आहे, पण ते बाहेरच्या बाजूनं), कुणाच्याही दडपणाखाली नसताना, किंबहुना दडपण आणायलाही इथं कुणी नसताना, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचं आणि भांडणांचं काय करायचं ते येणेप्रमाणे लिहून ठेवतो. ही भाषा मला येते, कारण कोर्टाबाहेर टाइप करून देणाऱ्या काकांकडे मी अकरा दिवस कामाला होतो. बाराव्या दिवशी समोरून एक माणूस भलीमोठी शिडी घेऊन चालला होता. एवढी शिडी कुठं नेतोय ते बघायला म्हणून गेलो, तो परत जायचं राहूनच गेलं.

कलम १. मी इथं कसा आलो.

ज्यांना आमचा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी डोंगरात डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळणाऱ्यांपुरते जाहीर करतं, सोबत एखादी खूण देतं. बाकीच्यांनी डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, डब्यातली एक वस्तू घ्यायची, तोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा ठेवायचा. वही डब्यापासून हलवायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खेळाबाहेरच्या माणसाला जागेचा सुगावा लागू द्यायचा नाही.

हा डबा एकोणीस वर्षांचा आहे. लपवणारं माणूस स्वतःला ‘घुबड’ म्हणवतं. ते कोण, कुणालाच ठाऊक नाही. एकोणीस वर्षांत फक्त तेवीस जण पोचले. मी सहा वेळा निघालो आणि सहा वेळा दुसरीकडेच पोचलो. तिसऱ्या खेपेला तर पायथ्याशी तंबू भाड्यानं देणाऱ्याकडे पाणी मागायला थांबलो आणि तीन महिने तिथंच कामाला राहिलो. तिथं गाठी मारायला शिकलो. या गाठींनीच माझा घात केला.

शेवटचा चढ अगदी उभा आहे. घुबडानं तिथं वरून दोर सोडलाय. तो धरून मी कड्यातल्या या अरुंद सपाटीवर आलो. वर आल्यावर पाहिलं, तर दोराची गाठ चुकीची. म्हणजे धरून होती, पण तंबूवाल्यांच्या शास्त्राप्रमाणे चुकीची. पुढच्या माणसाच्या जिवाला धोका नको म्हणून ती मी सोडली. नव्यानं बांधणार, तेवढ्यात कपारीत काहीतरी चकाकलं. डबाच होता. मी तिकडे धावलो आणि मागं दोर सळसळत गेला. त्याला धरायला वाकलो तेव्हा टेंगूळ आलं आणि खिशातला फोन गेला. फोन खाली काटेरी झुडपात आहे आणि अधूनमधून वाजतो. ताईचाच असणार. एवढा वेळ दुसरं कुणी वाजू देत नाही.

सध्याची परिस्थिती: समोर दरी, डावीकडे दरी, मागं भिंतीसारखा कडा. उजवीकडे एक मोठा खडक आहे. त्याच्या पलीकडे काय आहे ते वाकून बघणार होतो, पण तेव्हाच तो सरडा आला.

कलम २. स्थावर मालमत्ता.

स्थावर म्हणजे माळ्यावरची खोली. ती माझी नाही. ती ताईच्या सासूबाईंची आहे. त्यांना मी मावशी म्हणतो आणि त्या मला चार वर्षं ‘पाहुणे’ म्हणतात. जिन्याखाली उभ्या राहून रोज सकाळी विचारतात, “काय पाहुणे, मुक्काम वाढला का?” जिना चढत नाहीत, गुडघे गेलेत. मोजणी कचेरीत तीस वर्षं उभं राहून नकाशे काढले त्याची भरपाई. त्यांची लोखंडी पेटी मी दोनदा वर नेली आणि दोनदा खाली आणली. गुडघे शेकून घ्यायला त्या वर्षातून एक-दोनदा रविवारी पहिल्या बसनं जातात आणि सोबत कुणाला येऊ देत नाहीत.

गेल्या पंधरवड्यात मावशींनी जाहीर केलं की ही खोली क्लॅरिनेट शिकवणाऱ्या मास्तरांना द्यायची. मास्तर स्थिर माणूस आहे म्हणे. रात्री भांडी पुसताना ताई मला म्हणाली, “भोवऱ्या, एक तरी गोष्ट शेवटाला ने. एकच. मग मी आईंशी भांडते. आत्ता कशाच्या जोरावर भांडू?” मी म्हटलं, घुबडाचा डबा. ती म्हणाली, रविवारपर्यंत. आज रविवार आहे.

तेव्हा मी परत न गेल्यास खोली मास्तरांना मिळेल. मिळू दे. मात्र त्यांना सूचना: खिडकीची खालची कडी लावू नये, वरची लावावी. छताचा डाग माझ्यामुळे नाही, मी फक्त त्याला माशाचा आकार दिला. आणि वरचा सूर वाजवताना डाव्या भिंतीकडे तोंड करू नये. तिच्यामागे ताई झोपते आणि तिला पहाटे चारला टपाल कचेरीत जायचं असतं.

कलम ३. जंगम.

सायकल: सीट नाही, बाकी उत्तम. ज्याला उभ्यानं चालवायची सवय असेल त्यानं न्यावी.

पान्यांचा संच: हा सायकलवाल्या उस्तादाचा आहे. मी आणला त्याला दोन वर्षं झाली. परत द्यावा आणि भोवरा रोज आठवण काढत होता असं सांगावं. ते खोटं आहे, पण उस्ताद हळवा माणूस आहे.

शिल्लक: बँकेत जे असेल ते. किती आहे ते सांगताना बँकेलाच संकोच वाटेल.

माझ्या दातांचा साचा: दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कवळ्या बनवतात. गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला त्यांनी माझ्या दातांचा साचा काढून फळीवर ठेवलाय. तो दाजींनाच राहावा. चार वर्षं एका जागी टिकलेला माझा तो एकच भाग आहे.

कलम ४. मावशींस.

कपडे वाळत घालायच्या दोरीचा विषय अजून मिटलेला नाही, म्हणून इथं मिटवतो. ती दोरी मावशींनी स्वतः बांधली होती. गाठ मला पटेना. मी सोडून नीट बांधली आणि त्याच दुपारी आठवड्याचं धुणं चिखलात गेलं. मावशी काहीच बोलल्या नाहीत. अंगणात आल्या, पुन्हा आपली गाठ मारली आणि गेल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. माझी गाठ शास्त्राप्रमाणे बरोबर होती. दोरी जुनी होती. तरीही माझा लोकरी गळपट्टा त्यांना द्यावा, गुडघ्याला गुंडाळायला बरा पडेल.

कलम ५. घुबडास.

घुबड, तू कोण आहेस ते मला माहीत नाही, पण तुझ्यामुळे माझी दोन वर्षं गेली. ‘तीन सुळक्यांपैकी जो लाजतो त्याच्या मागे’ ही काय खूण झाली? मी उन्हात बसून तिन्ही सुळक्यांची तोंडं न्याहाळली. एकही लाजेना. आज कळलं, पावसाचा ओघळ ज्याच्या गालावरून वाहून तांबडा झालाय तो. हे आधी सांगता आलं असतं. चौथ्या खेपेला माझ्या बुटाचा तळवा निघाला, तो मी जपून ठेवलाय. तो तुला. त्याबरोबर माझा राग, पूर्ण मालकी हक्कानं.

मात्र एक खरं सांगितलं पाहिजे. डबा कोरडा आहे. एकोणीस वर्षांत वहीचं एक पान ओलं झालेलं नाही. वर्षातून दोनदा तुझी नोंद आहे, ‘डबा ठीक. पेन्सिल बदलली. घुबड.’ तारखेतल्या सात या आकड्याच्या पोटाला एक आडवी रेघ. घरी साखरेच्या डब्यावरच्या चिठ्ठीतही असाच पट्टा बांधलेला सात आहे, हे मघाशी लक्षात आलं होतं आणि त्यावर काहीतरी सुचतही होतं, पण तेव्हा फोन वाजला. तुझी शेवटची फेरी तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे पुढची पाच महिन्यांनी. तोवर माझ्याकडे अर्धी बाटली पाणी आणि दोन केळी आहेत.

कलम ६. माझ्या मरणास जबाबदार कोण.

कुणीही नाही, मीसुद्धा नाही, नियम. दुपारी खालच्या वाटेनं चार-पाच जणांचा घोळका गेला. पिवळ्या टोपीवाल्यानं मान वर करून हाक दिली, “अहो, अडकलात का?” त्यांना डब्याचं काही माहीत नव्हतं, ते नुसतेच चालायला आलेले. हो म्हटलं असतं तर दोर आला असता, माणसं वर आली असती, कपार दिसली असती आणि एकोणीस वर्षांचा डबा उघडा पडला असता. मी म्हटलं, “नाही, पक्षी बघतोय.”

“कोणता?”

“अजून आला नाही.”

त्यानं टोपी मागं सारून आभाळभर नजर फिरवली. मग म्हणाला, आला की सांगा, आणि गेला. भला माणूस. त्याच्यावर कुणी ठपका ठेवू नये.

कलम ७. ताईस.

ताई, तुला बिनपत्त्याचं पत्र हातात आलं की चैन पडत नाही. तूच मला सांगितलंयस, अशा पत्रांचं एक वेगळं कपाट असतं, आणि सुटीच्या दिवशीही तू ती उलटसुलट करून बघतेस, कुठंतरी अर्धं नाव, एखादी गल्ली सापडते का ते. आई गेल्यावर मलाही तू तसंच चार घरांतून शोधून आणलंस. मी ते कधी बोललो नाही, कारण दर वेळी बोलायला लागलो की मधेच काहीतरी निघायचं.

तर ही नोंद तुझ्यासाठी. मी पोचलो. डबा सापडला, सही केली. एक गोष्ट शेवटाला नेली. खाली यायचं आपलं ठरलं नव्हतं. डब्यातून मी एक पितळी शिटी घेतली आणि बदल्यात माझी घराची किल्ली ठेवली. तोलाचं दुसरं काही जवळ नव्हतं.

हे सगळं मी वाचून पाहिलं, समजून घेतलं, आणि मला मान्य आहे.

सही: भोवरा (हीच सही खेळाची नोंद म्हणूनही धरावी, जागा कमी आहे)

ठिकाण: सांगता येत नाही. नियम.

दिनांक: सोळा किंवा सतरा. रविवार मात्र नक्की.

साक्षीदार पहिला: सरडा. प्रत्येक कलमाला मान हलवली.

साक्षीदार दुसरा: पिवळ्या टोपीवाला, लांबून. सही घेता आली नाही.

ताजा कलम. वही बंद केली आणि कुणी ऐकलंच तर म्हणून शिटी वाजवली. नियमात शिटीबद्दल काही नाही. उजव्या खडकामागून उत्तर आलं, “वाजवू नकोस. आले.”

खडकामागून मावशी आल्या. त्याच ‘गेलेल्या’ गुडघ्यांवर, म्हणजे दोन्ही पायांवर, ताठ. खांद्याला पिशवी, पिशवीत नवा दोर. खडकामागं पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांखाली बसचा थांबा, हे मला आत्ता कळतंय. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “गाठ सोडलीस ना?”

मी हो म्हटलं.

“वाटलंच. सकाळी तू निघालास तेव्हाच वाटलं. म्हटलं, पाच महिने थांबायला नको.”

चार वर्षांत पहिल्यांदा त्या मला ‘तू’ म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी हे सगळं वाचलं, घुबडाच्या कलमासकट. बुटाच्या तळव्यापाशी जरा थांबल्या. म्हणाल्या, साक्षीदार म्हणून सही केली असती, पण ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसते, आणि मला तर दोन ठिकाणी मिळतंय. डब्यातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि तिच्या जागी डब्यात आपली टोकयंत्राची डबी टाकली.

मग विचारलं, “त्या टोपीवाल्याला खरंच पक्षी सांगितलास?”

“हो.”

“पाच महिने बसला असतास?”

“केळी दोनच होती.”

त्यांनी पिशवीतून नवा दोर काढला आणि आपली गाठ मारून तो खाली सोडला. खाली फोन वाजत होता.

“आणि घरी माझ्या गुडघ्यांचं काय सांगशील?”

मी म्हटलं, “कुठले गुडघे?”

त्यांनी पेन्सिल मागून घेतली. कलम दोनवर नकाशातल्यासारखी एक सरळ रेघ मारली. खाली अर्धी ओळ उरली होती, तिच्यात त्यांच्या अक्षरात:

डबा ठीक. दोर बदलला. खोली भरलेली आहे. घुबड.