व्हर्ना नावाची फ्युशिया

६ मार्च १९८२
लाकडाच्या मिलमधून निवृत्त होऊन वर्ष झालं. वर्षभरात काय केलंस, असं व्हर्नाने विचारलं. बायकोने विचारलं होतं, म्हणजे उत्तर नको होतं. तरी दिलं. म्हटलं, फ्युशिया लावणार, ती घंटेसारखी लोंबती फुलं येणारी. आमच्या फर्न कोव्ह गावात कुणालाही फ्युशिया येते. समुद्राचं धुकं, गारवा, त्यात माणसाचं कर्तृत्व शून्य. मला नुसती यायला नकोय. ऑगस्टच्या प्रदर्शनात पहिला नंबर हवाय.
व्हर्ना म्हणाली, "लाव की. फक्त आईच्या झाडाला हात लावू नकोस."
आईचं झाड म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगलेली कुंडी. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अंगणातली फांदी आणून व्हर्नाने लावली. लाल-जांभळी, साधी, नाव-गाव नसलेली. सकाळी हमिंगबर्ड येतो आणि व्हर्ना कॉफी घेऊन त्याच्यासमोर बसते. तेवढा वेळ माझ्याशी बोलत नाही. बाकीचा वेळ बोलते असंही नाही.

१४ मार्च
शहरात जाऊन झाडं निवडून आणली. शेजारची डोलोरेस सिल्व्हेरा फ्युशिया क्लबची अध्यक्ष. न विचारता म्हणाली, "बारीक फुलांची घे लायल, इथल्या वाऱ्यात तीच टिकतात." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी दुपदरी झालरीची, मुठीएवढ्या फुलांची घेतली.
शिवाय एक खास. नर्सरीच्या मागे कोपऱ्यात दडवलेलं. शेंडे जाड, लालसर, मखमली, गोळा झालेले. मालक म्हणाला, "ते नका नेऊ. त्याला काहीतरी झालंय, टाकून द्यायचंय." इतक्या कळकळीने नको म्हणतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. गाडीत घातलं.

३ एप्रिल
दोन झाडं वाऱ्याने मोडली. दोन गोगलगायींनी खाल्ली. एकाला पाणी जास्त झालं. झाडाला तहान किती असते हे विकणाऱ्याने सांगायला नको?
मखमली शेंड्यांचं झाड मात्र जोरात आहे. शेंडे आणखी फुगले.

११ मे
आज डोक्यात प्रकाश पडला. हा नवा वाण आहे. जगात कुणाकडेच नाही. डोलोरेस कुंपणावरून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मला हे लक्षण बरं दिसत नाही." जळते.
नाव ठरलं: 'व्हर्ना'. ऑगस्टमध्ये लग्नाला चाळीस वर्षं होतील. गेल्या वाढदिवसाला मी तिला माती वाहायची ढकलगाडी दिली होती.
तिला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. नळ बंद केला. म्हणाली, "माझं नाव? झाडाला?" हात पुसले, बाहेर येऊन झाडाकडे पाहिलं आणि हसली. किती वर्षांनी अशी हसली. मला एकदम बरं वाटलं. उगाच नाही लिहीत, खरंच वाटलं.

१९ जून
क्लबच्या सगळ्यांना 'व्हर्ना'ची कटिंग्ज वाटली. मन मोठं ठेवलं. डोलोरेसलाही दिलं. तिने दोन बोटांत धरून घेतलं.
घरी आल्यावर त्याच कात्रीने आईच्या झाडाचे शेंडे खुडले. शेंडे खुडले की झाड भरतं. हात लावू नकोस म्हणाली होती. मी कात्री लावली. शिवाय 'व्हर्ना'ची कुंडी शेजारच्याच हुकाला टांगली. हमिंगबर्डला दोन्हीकडे जाता येईल.

१७ जुलै
'व्हर्ना'ला अजून फूल नाही. ताकद साठवते आहे.
मोठी बातमी: आईच्या झाडाचेही शेंडे मखमली व्हायला लागले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एका साध्या झाडाचं सोनं केलं मी. व्हर्ना म्हणाली, "याच्या कळ्या अशा वेड्यावाकड्या का? पक्षी येतो आणि तसाच जातो." म्हटलं, "धीर धर." ती म्हणाली, "चाळीस वर्षं तेच करतेय."

२१ ऑगस्ट
प्रदर्शन. हॉलभर कुंड्या आणि फूल जवळजवळ नाही. सगळ्यांच्या झाडांना मखमली शेंडे. क्षणभर वाटलं, हे माझं यश. बघावं तिकडे 'व्हर्ना'.
शेतकी खात्याची एक तरुण बाई परीक्षक म्हणून आली होती. तिने भिंग काढलं, एक शेंडा चिरला आणि भिंगाखाली धरला. मग म्हणाली, "ही कीड आहे. डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक. कात्रीने पसरते, हाताने पसरते, पक्ष्यांच्या पिसांतून पसरते. सुरुवात कुठून झाली?"
डोलोरेस म्हणाली, "व्हर्नापासून."
माझी व्हर्ना दारात उभी होती. नवा झगा घातला होता.

४ सप्टेंबर
घराघरासमोर काळ्या पिशव्या. रोगट फांद्या कापून बांधून टाकायच्या, असा आदेश आहे. मला कुणी थेट काही बोलत नाही. बोलले असते तर उत्तर तयार होतं.
व्हर्ना दुकानात पाव आणायला गेली, रिकाम्या हाताने परत आली. रांगेत पुढे दोघी बोलत होत्या. "तुझ्याकडे व्हर्ना आली का?" "आली ना मेली. मुळापासून उपटली." कीड म्हणायला जीभ वळत नाही लोकांची, गावभर तेच नाव झालंय.
म्हटलं, विसरतील. ती म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्या नावाने एक गोष्ट केलीस, लायल." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१२ सप्टेंबर
आईचं झाड. शेतकी खात्याच्या त्या बाईने सांगितलंय, कीड लागलेल्या भागाच्या बरंच खाली कापा, म्हणजे फुटेल कदाचित. मी कात्री घेऊन गेलो. व्हर्ना म्हणाली, "तू नको." स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि स्वतः कापलं. एकेक फांदी पिशवीत नीट आडवी ठेवत होती.
बुंधा टिकला आहे. फुटेल. मी दुसरी कुंडी, चांगली माती, सगळं आणून देणार आहे. हा निश्चय.

९ ऑक्टोबर
बुंध्याला एक कोंब आला होता. शेंडा जाड, लालसर. व्हर्नाने कुंडी काढून पिशवीत घातली.
पुढच्या वर्षी बेगोनिया लावावेत म्हणतो. माती तयार आहे.

२३ ऑक्टोबर
हूक रिकामा आहे. हमिंगबर्ड सकाळी येतो, हुकासमोर थोडा वेळ थांबतो, जातो.
व्हर्नाने आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली, खिडकीकडे पाठ करून. का, म्हणून विचारलं. म्हणाली, उजेड डोळ्यांवर येतो.
महिनाभर धुकं आहे.