आठ दात्यांचं चाक

ठाणे, माघ शुद्ध पंचमी, शके १८२०

प्रिय परशुराम,

तुझं पत्र पोचलं. नोकरी टिकली, देवाची कृपा, असं लिहिलंयस. देवाचा त्यात किती हात होता ते पुढं सांगते. अक्षर वाकडं आहे म्हणून हसू नकोस. दुसऱ्या यत्तेत होते तेव्हा तू झालास, आई बाळंतपणात गेली, आणि माझी पाटी तुझ्या पाळण्याखाली पडून राहिली.

मार्गशीर्षात तू मालकांची पायगाडी, ती विलायती सायकल, घेऊन आलास. संक्रांतीला इथल्या मैदानात शर्यत, एक फर्लांगाची, आणि मालकांच्या दुकानाचं नाव त्यात निघायला हवं म्हणालास. मागचं दातेरी चाक झिजलेलं, तेवढं आपल्याकडं करायचं. तुझ्या दाजींनी पोलादाच्या चकत्या काढल्या, दाते मी घासले. दोन वर्षं झाली त्यांची नजर गेल्याला. गावात अजून धोंडीबा लोहाराचं काम म्हणतात, कानस माझी चालते, हे आपण तिघं सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दोन चाकं केली, एक आठ दात्यांचं, एक दहाचं. पुढं, पाय मारायच्या पायट्यापाशी, वीस दाते. म्हणजे आठावर पायटा एकदा फिरला की मागचं चाक अडीच वेळा फिरणार, दहावर दोनदाच. आठ पळायला बाकं, पण जागचं हलायला जड. दहा चटकन उठतं, मग पाय नुसते भिरभिरतात. मैलभराची शर्यत असती तर मीच आठ लाव म्हटलं असतं. फर्लांगाची शर्यत सुरू होते न होते तोच संपते.

पण तुला आठानं भुरळ घातली. घालणारच. रोज पहाटे मिठागराच्या बांधालगत कासोटा आवळून, गाडीची बैठक मागून धरून, चाळीस पावलं मी पळत होते आणि मग तुला लोटून देत होते. तू वाऱ्यासारखा सुटायचास. मी म्हटलं, अरे, हे चाक माझ्या दंडावर उठतंय, तुझ्या पायांवर नाही, एक दिवस माझ्याशिवाय निघून बघ. तू हसलास. लोहाराच्या बायकोला विलायती गाडीतलं काय कळतं, असं थेट म्हणाला नाहीस, पण मी काय तुला आज ओळखते? शर्यतीतही मागून लोटायला एक माणूस चालतो, तूच ये आक्का, असं मात्र तूच म्हणालास. म्हणून मी आले.

नवं लुगडं नेसून आले, ती माझी चूक असेल. जुन्यात आले असते तर तुला सोपं गेलं असतं. रेघेवर सगळ्यांची माणसं उभी राहिली, मी पदर खोचून तुझ्या मागं आले. मालकांच्या कारकुनानं विचारलं, ही बाई कोण? मी तुझ्यापासून तीन हातांवर होते, परशा. तू मागं न बघता म्हणालास, “ओळखीची नाही. कामाला आली असेल कुणाकडं.” मग माझ्या जागी लोटायला मालकांचा भाचा मधु आला, बूट चकचकीत. सोवळ्यातल्या माणसानं विटाळ टाळावा तसा त्यानं बैठकीला हात लावला. बाकीचे अर्ध्यावर पोचले तरी तू पायट्यांवर उभा राहून झोंबत होतास. शेवटी शेवटी सगळ्यांत जोरात तूच होतास, ते मी पाहिलं. पण तोवर फर्लांग संपला होता. पाचांत पाचवा. आणि संध्याकाळी मालकांना सांगितलंस की दाते तिरके घासले होते, साखळी अडकत होती.

हे मला मालकांकडूनच कळलं. पौष सरता सरता ते आपल्या दारात आले. बसले नाहीत. तुझ्या दाजींना विचारलं, दाते तिरके होते, की पोरानं चाक चुकीचं निवडलं? चाक चुकीचं निवडणारा आणि वर खोटं बोलणारा कारागीर मला नको, म्हणाले. तुझ्या दाजींनी तोंड माझ्याकडं वळवलं. मी काय सांगणार याची ते वाट बघत होते. मी म्हटलं, “माझी कानस सरकली.” मालक गेले. ही ती देवाची कृपा.

दाजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. एवढंच म्हणाले, मला द्यायचंस, मी अंगठ्यानं तपासलं असतं. तेव्हापासून माझ्या हातची प्रत्येक वस्तू ते हातात घेतात आणि अंगठा फिरवतात. कोयता, कडी, बिजागरीसुद्धा. दोन वर्षांत एकदाही फिरवला नव्हता. मी खरं का सांगत नाही म्हणशील. मी सांगितलं तर तू त्यांच्या मनातून उतरशील, त्यांनी तुला पोटच्या पोरासारखा वाढवलाय. तुझ्या तोंडून आलं तर ते माफ करतील, माझ्या तोंडून आलं तर नाही. मालकांना काही सांगू नकोस, नोकरी सांभाळ. या एका माणसाला येऊन सांग, दाते सरळ होते म्हणून. पुनवेला दुपारी भाता बंद असतो, मी पाण्याला जाईन. ते एकटेच असतील. तेव्हा ये.

तुझीच सख्खी बहीण,
रंगू