स्पीकरला कुंकू

रविवार संध्याकाळ, घाटकोपर, १९८५

वाट लावली मी सगळ्याची. बाबांचा उजवा हात मोडला.

गिरणीत कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. मोठ्या आवाजात भजनं तरी ऐकू येतील म्हणून मी स्टिरिओ आणला. नवी वस्तू हळदकुंकू वाहिल्याशिवाय चालू करायची नाही, हा त्यांचा हट्ट. मी स्टुलावर उभा राहून कपाटावर स्पीकर लावत होतो. ते बोटावर कुंकू घेऊन नेमके खाली आले. वायर अडकली होती, मी हिसका दिला, तसा स्पीकर घसरला.

"बाबा, बाजूला व्हा!" केवढ्यांदा ओरडलो! शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. बाबा मात्र तसेच उभे, बोट वर करून, हसत. स्पीकर त्याच हातावर आदळला.

कोणाला ओरडून सांगत होतो मी? ज्यांना ऐकू येत नाही म्हणून हे सगळं आणलं, त्यांनाच? स्पीकर धरायचं का नाही सुचलं?

हॉस्पिटलात प्लास्टर घातलं, तरी बोटावरचं कुंकू तसंच होतं. भूल उतरताच मला म्हणाले, "वाजला काय रे स्पीकर?"

मी मान हलवून खोटंच हो म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला.